गाणे ओठांवर येते कसे?

एखादे गाणे लोकांच्या तोंडी का बसते, हा प्रश्न चार जाणकारांत विचारून पाहावा. गवई म्हणतो, "त्याला गळा लागतो, महाराज!" कवीचे म्हणणे असे की, शब्दांत प्राण नसेल तर नुसता गळा काय करणार? संगीत दिग्दर्शक सारे श्रेय चालीला देतो. आणि मागे बसलेला तबलजी मिशीतल्या मिशीत हसतो; कारण ऐकणाऱ्याचा पाय ज्यावर हलतो तो ठेका त्याचा असतो. ही सारी मंडळी आपापल्या परीने खरेच बोलत असतात. पण या वादात एका आसामीचे नाव कोणीच घेत नाही. गाणे ज्या भांड्यातून आपल्या घरी येते, ते भांडे!

पाणी ज्या भांड्यात घालावे त्याचा आकार घेते, हे आपण शाळेत शिकलो. गाण्याचेही काहीसे तसेच आहे. फोनोची तबकडी, रेडिओ, कॅसेट आणि आता खिशातला मोबाइल, या प्रत्येक भांड्याने आपल्या मापाचे गाणे घडविले. गंमत अशी की, ते माप म्हणजे आपलीच आवड, अशी आपली समजूत होऊन बसली! मी काही संगीतातला जाणकार नव्हे; पेटीवर दोन बोटांनी आरती वाजविण्यापलीकडे माझी मजल नाही. पण साठ-पासष्ट वर्षे कान उघडे ठेवून गाणी ऐकली आणि तेवढ्या काळात घरातली ही भांडी चारदा बदललेली पाहिली. त्या अनुभवावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

तीन मिनिटांत राग

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास येऊन दाखल झाला. त्याच्यापुढे जे गायिले त्यांत गौहर जान ही त्या काळची नामांकित गायिका होती. समोर एक मोठा कर्णा. त्याच्याजवळ तोंड नेऊन खड्या आवाजात गायचे आणि सुमारे तीन मिनिटांत गाणे संपवायचे. कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसे मावत नसे. गाणे संपले की गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगे. मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेव्हा तिथल्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही युक्ती होती, असे सांगतात. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची फेरी वाचली. तीन मिनिटे मात्र तशीच राहिली.

आता विचार करा. बैठकीत तासभर रंगणारा ख्याल या तीन मिनिटांत बसवायचा कसा? आलाप छाटला गेला, अंतरा घाईने उरकला गेला आणि शेवटी चारदोन झगझगीत ताना घेऊन समेवर यायचे, असा एक आटोपशीर घाट तयार झाला. ज्या गवयांना हे कसब साधले त्यांचे नाव गावोगाव गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घ्या. ज्यांना खाँसाहेबांच्या मैफलीचे दर्शनही कधी घडले नव्हते, अशा लोकांच्या घरांत ती तबकडीवरून पोचली. तीच ठुमरी सैगलांनी १९३५ च्या 'देवदास' चित्रपटात गायिली आणि ती आणखी लाखो कानांवर पडली.

आपल्या नाट्यपदांचीही तीच कथा. बालगंधर्वांचे एखादे पद रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत घेत कितीही वेळ चाले. तबकडीवर मात्र त्याला तीन मिनिटांच्या चौकटीत उभे राहावे लागे. आमच्या आजोबांकडे चावीचा फोनो होता. माझ्या आत्याने सारी नाट्यपदे त्या फोनोवरून उचलली होती. रेकॉर्डमध्ये गायक जिथे दम घेई, तिथेच आत्याही दम घेई! एकदा गणेशोत्सवात एक चांगले तयारीचे गवई तेच पद विस्ताराने गाऊ लागले, तेव्हा आत्या माझ्या आईच्या कानात कुजबुजली, "वहिनी, हे भलतंच काहीतरी गातायत हो. रेकॉर्डमध्ये असं नाही." बिचाऱ्या गवयांचा यात काय दोष? नक्कल आधी घरात आली, आणि अस्सल मागाहून भेटले, एवढेच.

कर्णा गेला, माइक आला

१९२५ च्या सुमारास कर्णा मागे पडून विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला. वरवर पाहता ही यंत्रातली सुधारणा. पण तिने गळ्याची सारी नीती बदलून टाकली. कर्ण्यापुढे ओरडावे लागे. माइकपुढे कुजबुजले तरी भागे. काळी चार-पाचच्या पट्टीत नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणे ही जी गायकाची मोठी मिरास होती, तिची गरजच उरली नाही. शब्द हळुवारपणे, जणू एकाच माणसाला उद्देशून म्हणता येऊ लागले.

आपले मराठी भावगीत या माइकचे लेकरू आहे, असे मला वाटते. कविता होत्याच, चाली लावणारेही होते. पण ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता वकिलीचे शिक्षण घेतलेले एक तरुण गायक, गोविंद जोशी, यांनी गाऊन तिची तबकडी निघाली, आणि मराठी घरांत एक नवाच सूर शिरला. जे. एल. रानडे यांनी त्या सुराला वाट करून दिली होती. पुढे गजानन वाटव्यांनी तो गणपतीच्या मांडवांतून हजारोंपुढे नेला. तिथेही समोर लाउडस्पीकर होता, हे विसरू नये. एकांतातली गोष्ट हजारोंना एकदम सांगण्याची सोय त्याने केली.

हे जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, पुढे त्याच ग्रामोफोन कंपनीत अधिकारी झाले. कोणाचा आवाज तबकडीवर घ्यावयाचा याचा निर्णय ज्यांच्या हाती असे, अशा मोजक्या माणसांपैकी ते एक. १९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तिघा तरुणांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली. संतूर, बासरी आणि गिटार यांतून एका गुराख्याचा दिवस उभा करण्याची ही कल्पना तीन मिनिटांच्या तबकडीवर सुचलीच नसती. तोवर 'लाँग प्ले' आली होती. एका बाजूवर वीस मिनिटे मावत होती. भांडे मोठे झाले, तेव्हा त्यात मावणारे नवे पक्वान्न शिजले!

नावांच्या चिठ्ठ्या

भांड्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे कामही धंद्यानेच केले. दुकानदाराला माल खणाखणांत मांडावा लागतो. म्हणून तबकडीच्या गोल कागदावर गायकाच्या नावाबरोबर 'नाट्यगीत', 'भावगीत', 'भक्तिगीत', 'लोकगीत', 'कोळीगीत' असे काहीतरी छापलेले असे. तुकोबांचा अभंग कीर्तनात निरूपणाबरोबर, भजनात टाळ-मृदंगाबरोबर चाले, आणि मंडळी दमेपर्यंत चाले. तोच तबकडीवर दोन अंतऱ्यांचे 'भक्तिगीत' झाला. रेडिओनेही आपला एक खण केला, 'सुगम संगीत'. जे शास्त्रीय नाही, चित्रपटातले नाही आणि खेड्यातलेही नाही, ते सारे सुगम!

एकदा चिठ्ठी लागली की गाणारेही त्या चिठ्ठीप्रमाणे गाऊ लागतात. कोळीगीत म्हटले की अमुक ठेका हवाच. भावगीत म्हटले की सुरुवातीला बासरीचा तुकडा हवाच. आणि जे गाणे कोणत्याच खणात बसत नाही, ते दुकानात मांडायचे कोठे, हा दुकानदाराला प्रश्न पडतो. अशा गाण्याची हकीकत पुढे येतेच.

कोलंबोचा बुधवार

रेडिओचा प्रताप पाहावयाचा तर १९५२ हे साल पाहावे. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हिंदी सिनेमाची गाणी हलकी, त्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीने गाण्यांना चाळण लावली. चित्रपटाचे नाव सांगावयाचे की नाही यावरून निर्मात्यांशीही बिनसले. आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

पण लोकांचे कान थोडेच सरकारजमा होतात? युद्धकाळात दोस्त सैन्यासाठी उभारलेला एक जबरदस्त ट्रान्समीटर सिलोनात होता. रेडिओ सिलोनने त्यावरून हिंदी गाणी लावली आणि मध्ये मध्ये जाहिराती घातल्या. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे दर बुधवारी रात्री आठ वाजता हिंदुस्थानातली घरेच्या घरे कोलंबोला कान लावून बसू लागली.

गिरगावातल्या आमच्या चाळीत तेव्हा तीनच रेडिओ होते. त्यांतला एक आमचा. वडील दर बुधवारी नेमाने चिडत. "टूथपेस्टची जाहिरात ऐकायला मी रेडिओ घेतला नाही!" त्यावर आई स्वयंपाकघरातूनच म्हणे, "अहो, पहिला नंबर तेवढा ऐकू द्या पोरांना. गॅलरीत शेजारची दहा जणं उभी आहेत." मग वडील वर्तमानपत्र तोंडासमोर धरीत. पहिला नंबर लागे तेव्हा वर्तमानपत्राचे पान मात्र उलटत नसे!

आकाशवाणीनेही शहाणपणाने वाट बदलली. १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सन्मानाने घरी परतली. परंतु केसकरांच्या काळाला सगळाच दोष देणे अन्यायाचे होईल. सिनेमाच्या गाण्यांना पर्याय म्हणून आकाशवाणीने कवी आणि संगीतकार हाताशी धरले, आणि त्याच दशकात पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, वर्षभरात छप्पन गीते. त्यांतली कित्येक गीते सात-सात, आठ-आठ कडव्यांची आहेत. तीन मिनिटांच्या तबकडीचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला असता तर अशी गीते लिहिलीच गेली नसती. रेडिओला वेळ होता, म्हणून रामकथेलाही वेळ मिळाला.

नंबर का लागतो?

गीतमालेत गाण्यांचे 'पायदान' ठरे ते तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून. मला लहानपणी वाटे, उत्तम गाण्याचा पहिला नंबर लागतो. पण पहिला नंबर लागला म्हणून ज्याने त्याने ते गाणे उत्तम ठरविले, असेही होत नसेल का?

या शंकेचे उत्तर फार उशिरा, २००६ साली मिळाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघा संशोधकांनी एक मजेचा प्रयोग केला. अगदी अनोळखी वाद्यमेळांची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली; चौदा हजारांहून अधिक लोकांनी ती ऐकली. काहींना नुसती गाणी दाखविली. बाकीच्यांना आठ निरनिराळ्या गटांत वाटले आणि आपल्या गटात कोणते गाणे कितीजणांनी उतरवून घेतले, तो आकडाही समोर ठेवला. झाले काय? जिथे आकडा दिसत होता तिथे पुढचे गाणे फार पुढे गेले, मागचे फार मागे पडले. आणि आठही गटांतले पहिले नंबर सारखे आले नाहीत! अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा माथ्यावर चढली नाहीत. मधल्या साऱ्यांचे नशीब मात्र पहिल्या थोड्या लोकांनी काय निवडले यावर ठरले.

म्हणजे गुण लागतोच. पण तो परीक्षेला बसण्यापुरता. पुढची वरात लोक लोकांकडे पाहून काढतात. लग्नाच्या पंगतीत पहिल्याने जिलबी मागितली की सारी पंगत जिलबी मागते, त्यातला हा प्रकार!

दाराबाहेरचे गाणे

आता खणात न बसलेल्या गाण्याकडे वळू. आम्ही शहरी, पांढरपेशी मंडळी रेडिओवर भावगीत ऐकत होतो आणि यालाच 'मराठी गाणे' म्हणतात, असे समजत होतो. त्याच वेळी वामनदादा कर्डक गावोगाव फिरून भीमगीते गात होते. जयंतीच्या मांडवात, गिरणगावच्या नाक्यावर, जत्रेच्या कनातीत रात्र रात्र गाणे चालत होते. हजारो माणसे ते ऐकत होती. पण आमच्या दिवाणखान्यातल्या रेडिओपर्यंत ते फारसे पोचत नव्हते. तबकडी काढणे खर्चाचे काम. कारखाना मोजक्यांच्या हाती. आणि रेडिओचे दार स्वरचाचणीचे. दारावर उभा असलेला माणूस ज्या वळणाचे गाणे ओळखी, त्याच वळणाचे गाणे आत येई.

हे दार फोडले कोणी? फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेल्या एका तळहाताएवढ्या डबीने. आखातात कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी टेपरेकॉर्डर आणले, आणि पुढच्या दशकात कॅसेट गल्लीगल्लीत झाली. तबकडीला कारखाना लागे. कॅसेट एका खोलीतही भरता येई. दिल्लीच्या गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने स्वस्त कॅसेटींचे पेव फोडले. पानपट्टीवरही गाणे मिळू लागले. चोरीच्या कॅसेटी निघाल्या, दुसऱ्याच्या गळ्यातून जुनी गाणी निघाली, हे सारे खरे. पण त्याच वाटेने प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज घराघरांत दुमदुमला, भीमगीतांना बाजार मिळाला, आणि आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने सारा महाराष्ट्र डोलला.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तेव्हा त्या पोपटावरून सभेत तक्रार केली होती. "असली गाणी लोकांना आवडायला लागली कधीपासून?" आमचा पाणी सोडणारा गडी कोपऱ्यात उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आवडत तर आधीपासूनच होती. तुम्हाला ऐकू आता यायला लागली." लोकप्रियतेवर याहून नेमके भाष्य मी पुस्तकात वाचलेले नाही.

तीस सेकंदांचा न्याय

हल्लीचे भांडे तर हातात मावते आणि त्यात जगातली सारी गाणी मावतात! मग मापाचा प्रश्न मिटला म्हणावयाचा? छे! स्पॉटिफाय ही सेवा आपल्याकडे २०१९ साली आली. तिच्या हिशेबात गाणे निदान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते 'ऐकले' असे धरतात. तेव्हा ऐकणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात बांधून ठेवणे आले. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा आखडला. ध्रुपद धावत दारात आले. रीलमध्ये तर गाण्याचा तेवढा एकच घास कापून वाढतात.

खणांच्या चिठ्ठ्याही बदलल्या. माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये अभ्यासाची गाणी, व्यायामाची गाणी, पावसाची गाणी, झोपेची गाणी अशी वर्गवारी आहे. मी म्हटले, "अगं, यात गाणारा कोण, लिहिणारा कोण?" ती म्हणाली, "आबा, तुमच्याकडे सकाळचा राग, रात्रीचा राग होताच ना? तसंच हे." उत्तर चोख होते. फरक एवढाच की, सकाळचा राग कोणता हे गुरू शिकवी. झोपेचे गाणे कोणते हे कंपनीचे यंत्र ठरविते. आणि लिहिणाऱ्याचे नाव पुसट झाले की त्याचा वाटाही पुसट होतो. गीतकार-संगीतकारांना मानधनाखेरीज गाण्याच्या पुढच्या कमाईतही वाटा मिळावा, म्हणून आपल्याकडे कायद्यात दुरुस्ती व्हावयास २०१२ साल उजाडावे लागले.

मग काय, भांडी फोडून टाकावीत? तसे म्हणण्यात अर्थ नाही. भांड्यावाचून पाणी घरी येत नाही. कोणत्याही कंपनीवाचून लोकप्रिय झालेले गाणे म्हणून मला जात्यावरची ओवी आठवते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांना ना तबकडी होती, ना नंबर. पण भांडे होतेच! ते भांडे म्हणजे जाते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याची. पहाटेचा एकांत जात्यानेच मिळवून दिलेला. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीही थांबली.

मात्र त्या भांड्यात आणि आपल्या भांड्यांत एक मोठा भेद आहे. जात्याचा खुंटा गाणारणीच्या हातात होता. केव्हा थांबायचे, कोणती ओवी पुन्हा म्हणायची, आईची म्हणायची की भावाची, हे तिचे तिने ठरवायचे. आज मोबाइल आपल्या हातात असतो. खुंटा मात्र दुसऱ्याच कोणाच्या हातात असतो. एक गाणे संपते न संपते तोच पुढचे आपोआप लागते आणि आपण ऐकत राहतो.

खुंटा परत हातात घ्यावयाचा तर उपाय साधा आहे. पुढचे गाणे आपण निवडावे; निदान आठवड्यातून एक तरी असे की, जे आपल्या खणातले नाही. ऐकलेल्या गाण्याचा कवी आणि संगीतकार कोण, हे मुलांना सांगावे. आणि घरात कोणी गुणगुणत असेल तर त्याला थांबवू नये, बेसूर असले तरी! कारण कंपनीच्या आकड्यांत धरले जात नाही, पण गाणे खरोखर टिकते ते तिथेच. यंत्र बंद झाल्यावरही जे ओठांवर राहते, तेच लोकांचे गाणे. यंदाच्या फराळाला चार मंडळी जमली की मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवून एकेकाला एकेक गाणे म्हणायला सांगा. कोणाच्या ओठांतून काय निघते ते ऐका. घरचा पहिला नंबर तिथे कळेल!